कडक काय, मऊ काय, हे कोण ठरवणार?

पाचशेची करकरीत नोट हाती आली, की खर्च करण्याआधी डोळे मिटून तिच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवा. पाच-पाच तिरप्या रेघा बोटाला लागतील, आणि उजव्या बाजूला एक उठावाचा गोल. शंभराच्या नोटेवर रेघा चार आणि गोलाऐवजी त्रिकोण. दोनशेला रेघा चारच, पण त्यांच्या मध्ये दोन बारीक वर्तुळं. ज्यांना दिसत नाही त्यांना आकडा कळावा म्हणून ही सगळी खटपट. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जाताहेत. म्हणजे बोटांनी वाचायचा आकडा ही आपल्याच गावात तयार होणारी वस्तू आहे, पण डोळस नाशिककरांपैकी कितीजणांनी तो गोल कधी चाचपून पाहिला असेल, देव जाणे.

आता तीच नोट सहा महिने भाजीबाजारात फिरू द्या. घामाने, घड्यांनी, ओल्या हातांनी उठाव बसतो. गोल आणि त्रिकोण यांत फरक राहत नाही. मग लांबीवरून ओळखा म्हणावं, तर शंभर, दोनशे आणि पाचशे या नोटांची लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर, रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक दोन नोटा एकमेकींवर ठेवल्या तर कळतो. खिशातून एकच नोट काढून रिक्षावाल्याला देताना कळत नाही. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेला यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचं मोबाइल ॲप काढलं. ते कॅमेऱ्याने नोट पाहतं आणि बोलून सांगतं. थोडक्यात, स्पर्शाची खूण पुरेना म्हणून आवाजाचा आधार घ्यावा लागला. त्या खुणेमागचा हेतू चांगलाच होता. पण चार मिलिमीटर पुरतात असं ठरवणाऱ्यांची बोटं आणि ती नोट रोज चाचपणाऱ्यांची बोटं वेगळी होती.

हे सगळं आठवायचं कारण सिंहस्थ. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात रामकुंडावर आणि त्र्यंबकला पर्वण्या आहेत आणि गावात तंत्रज्ञानाची भाषा जोरात सुरू आहे. कंट्रोल रूम, ड्रोन, एआय कॅमेरे, शहराची डिजिटल प्रतिकृती. त्यातच आता व्हर्च्युअल रिॲलिटीचे चष्मे आणि बोटांना दाब देणारे हातमोजे यांचंही नाव निघतं. डोक्यावर चष्मा चढवा, हातात मोजा घाला, आणि गर्दीचा, पुराचा, वाहतुकीचा डेटा नुसता पाहू नका, चाचपा. जिथे धोका तिथे हाताला कडक लागेल, जिथे मोकळीक तिथे मऊ.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्पर्शाने डेटा वाचण्याच्या तंत्रावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा. ते थोतांड नाही. पण कुठला आकडा हाताला कडक लागणार आणि कुठला मऊ, हे ठरवण्याचं काम यंत्र विकणाऱ्याकडे सोडता कामा नये. तो जाहीर निर्णय हवा, पूररेषेसारखा: नकाशा लावलेला, निकष लिहिलेला, आणि ज्यावर हरकती-सूचना घेता येतात असा. आणि हा पैसा आभासी दर्शनाच्या मंडपात जाऊ नये. घरबसल्या रामकुंडाचं पाणी हाताला गार लागलं, एवढ्यासाठी महापालिकेने तिजोरी उघडायची गरज नाही.

हे तंत्र काही काल-परवाचं नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६५ सालीच लिहून ठेवलं होतं की संगणकाच्या पडद्यावरच्या वस्तूंचा जोर हाताला जाणवायला हवा. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी त्यावर प्रत्यक्ष काम सुरू केलं. त्यांचा प्रश्न रसायनशास्त्रातला होता. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत नेमका कसा बसतो? दोन रेणू जवळ आले की त्यांच्यात ओढ असते, ढकल असते, पिळवटणंही असतं. हे सगळं एकाच चित्रात दाखवायला गेलं की पडदा बाणांनी भरून जातो. ब्रूक्सच्या गटाने किरणोत्सर्गी पदार्थ लांबून हाताळण्यासाठी बनवलेला एक यांत्रिक हात घेतला, तो उलटा वापरला, आणि रेणूंमधला जोर संशोधकाच्या मुठीत आणून दिला. रेणू खाचेजवळ नेला की हात ओढला जातो, चुकीच्या कोनातून नेला की ढकलला जातो.

तेवीस वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी निष्कर्ष छापले. नुसत्या चित्रावर चालणाऱ्या पद्धतीपेक्षा स्पर्शाची जोड दिली तर कामगिरी साधारण दुपटीने सुधारते. दुप्पट. दहापट नाही, शंभरपट तर नाहीच. आणि यंत्रं सुधारली तरी फार मोठी उडी येणार नाही, हेही त्यांनी तिथेच लिहिलं. मला हा आकडा फार आवडतो, कारण तो विकण्यासाठी काढलेला नाही. त्याहून मोलाची गोष्ट मात्र आकड्याच्या पलीकडची होती. एखादा रेणू बसतो का, एवढंच नाही, तर तो का बसतो आणि दुसरा का बसत नाही, हे आता उमगतं, असं ते यंत्र वापरणारे रसायनशास्त्रज्ञ सांगत होते. ब्रूक्स यांच्या गटाने आणखी एक भाकीत केलं होतं: या तंत्राचा गाडा विज्ञान ओढणार नाही, करमणूक ओढेल. आज गेम खेळणाऱ्या पोरांच्या हातातला कंट्रोलर थरथरतो आणि आपल्या पाटबंधारे खात्यात आकडे अजून तक्त्यातच येतात. भाकीत खरं ठरलं म्हणायचं.

हाताला फसवणं अवघड असतं आणि सोपंही. अवघड अशासाठी, की पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदललं तरी डोळ्याला ते सलग वाटतं, पण आभासी भिंत हाताला घट्ट लागायची तर यंत्राला सेकंदाला सुमारे हजार वेळा जोर मोजून परत द्यावा लागतो. त्यात कुचराई झाली की भिंत लिबलिबीत होते किंवा हातात थरथरू लागते. १९९४ च्या सुमारास एमआयटीत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी टेबलावर मावेल असं 'फँटम' हे उपकरण केलं. बोटाला अंगुस्तान घालायचं आणि त्याला जोडलेला हात जोर देणार. अशा टेबलावरच्या साध्या यंत्रांचा जोर आजही साधारण तीन-साडेतीन न्यूटनपर्यंत जातो, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम वजन हातावर ठेवल्याइतका. एवढ्याशा पट्टीत सगळी गर्दी, सगळा पूर बसवायचा आहे, हे लक्षात असू द्या.

आणि सोपं कसं, ते १९६४ च्या एका प्रयोगात दिसतं. आयर्विन रॉक आणि जॅक व्हिक्टर यांनी लोकांच्या हातात चौरस दिला आणि तो त्यांना अशा भिंगातून दाखवला की तो आयत दिसावा. हाताला चौरस लागत होता, डोळ्याला आयत दिसत होता. बहुतेकांनी आयतच सांगितला, आणि आपल्या हाताला काही वेगळं लागतंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पुढे २००२ मध्ये मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी याची दुसरी बाजू मांडली. डोळ्याला दिसणारं अस्पष्ट केलं, की मेंदू हाताचं जास्त ऐकू लागतो. ज्या इंद्रियाची माहिती ज्या वेळी खात्रीची, त्याला तेवढं वजन. दोन्ही प्रयोग मिळून एक व्यवहारी गोष्ट सांगतात. पडद्यावर जे लाल रंगाने स्पष्ट दिसतंय तेच पुन्हा हाताला कडक करून देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हात तिथे मान डोलावतो, भर काही घालत नाही. स्पर्श राखून ठेवायचा तो जिथे डोळ्यांची गर्दी झाली आहे, थरावर थर चढलेत आणि काही धड दिसत नाही, तिथल्यासाठी.

हात काय विचारू शकतो, हे पाहायला मात्र प्रयोगशाळेत जायची गरज नाही. लासलगावला लिलावाच्या वेळी ट्रॅक्टरच्या रांगेतून फिरणाऱ्या व्यापाऱ्याचा हात पाहा. ट्रॉलीत वरवर काय दिसतं त्यावर त्याचा फारसा विश्वास नसतो. हात कोपरापर्यंत आत घालून खालचा कांदा वर काढायचा, तळव्यावर एकदा झेलून वजन घ्यायचं, अंगठ्याने मान दाबायची, पत्ती सुटते का हे बोटाने घासून पाहायचं. मान जाड आणि मऊ लागली की तो माल चाळीत टिकणार नाही, हे त्याला कळलं; भाव तिथेच पडला. सगळं मिळून काही सेकंद. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लाट्झकी यांनी १९८७ मध्ये हेच पद्धतशीर नोंदवलं: पोत पाहायचा तर माणूस बोट आडवं घासतो, कडकपणा पाहायचा तर दाबतो, वजन पाहायचं तर अधांतरी झेलतो, आकार पाहायचा तर मुठीत घेतो किंवा कडेने बोट फिरवतो. प्रत्येक प्रश्नाला हाताची वेगळी हालचाल. म्हणून डेटा हातात द्यायचा तर आधी विचारायला हवं की हात त्याचं काय करणार आहे, दाबणार, घासणार, की उचलणार? मोज्यात सरसकट एकच कंप भरून दिला आणि त्यालाच 'डेटा अनुभवा' म्हटलं, तर त्या व्यापाऱ्याला कांदा न देता कांद्याचा फोटो दाखवल्यासारखं होईल.

हाताची मर्यादाही इथेच दिसते. व्यापाऱ्याचा हात एका वेळी एकाच कांद्याशी बोलतो. आख्ख्या आवकेचा अंदाज तो डोळ्याने, रांगेच्या लांबीवरून बांधतो. डोळा पट सांगतो, हात एका जागची खोली सांगतो. आख्ख्या शहराचा डेटा स्पर्शाने समजून घ्या म्हणणाऱ्याला हात कसा चालतो हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो आपल्याला गुंडाळतोय.

आता गर्दीकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर, सरदार चौकाच्या परिसरात. अशा दुर्घटनांत माणसं पायाखाली तुडवून मरतात असा समज आहे. बहुतेक मृत्यू उभ्या-उभ्याच होतात. चारी बाजूंनी छाती दाबली जाते आणि श्वास घेता येत नाही. गर्दीच्या सुरक्षेवर आयुष्यभर काम केलेले जॉन फ्रुइन यांनी लिहिलं आहे की चौरस मीटरमागे साधारण सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. एकट्या माणसाच्या इच्छेला अर्थ उरत नाही, धक्क्याच्या लाटा इकडून तिकडे फिरतात. जानेवारी २००६ मध्ये हज यात्रेत मीना इथे झालेल्या दुर्घटनेच्या चित्रफिती डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी नंतर बारकाईने तपासल्या. त्यांना दिसलं ते असं: आधी गर्दी सुरळीत वाहते, मग थांबत-चालत लाटा उठतात, आणि शेवटी माणसं कुठल्याही दिशेला फेकली जाऊ लागतात. यासाठी त्यांनी 'गर्दीचा दाब' मोजला, म्हणजे त्या जागची दाटी गुणिले तिथल्या वेगातली चढउतार.

हा दाब चित्रफितीतून मोजून काढता येतो, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोल रूममधल्या पडद्यांच्या भिंतीवर सुरळीत वाहणारी दाट गर्दी आणि बिथरण्याच्या बेतात असलेली दाट गर्दी सारखीच दिसते: डोकीच डोकी. आणि पडदे एक-दोन नसतात. डोळ्यांची ही अशी कोंडी झालेली असते, तिथे स्पर्शाला काम आहे. दाबाचा आकडा दाबाच्याच रूपाने हाताला द्यायचा, यात ओढूनताणून केलेलं काही नाही. बंदोबस्ताच्या सरावासाठी एक खोली असावी, तिथे रामकुंड, सरदार चौक, मालेगाव स्टँड, तपोवनापर्यंतचा परिसर आभासी रूपात उभा करावा, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हातात पर्वणीच्या दिवशी रस्ता बंद करण्याचा अधिकार असणार त्याने त्या नकाशावर हात ठेवून वेगवेगळे प्रसंग अनुभवावेत. बॅरिकेड इथे लावलं तर दाब कुठे सरकतो? मागची गल्ली उघडली तर हात किती वेळाने सैल होतो? विमान चालवणारे अशा खोल्यांत तयार होतात, तर लाखोंची गर्दी चालवणाऱ्यांनी नुसत्या पॉवरपॉइंटवर का तयार व्हायचं?

प्रत्यक्ष पर्वणीच्या दिवशी मात्र चष्मा आणि मोजा दोन्ही कपाटात राहू द्यावेत. त्या दिवशी चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला साधा मनगटावरचा कंप पुरे. लाउडस्पीकर, शिट्ट्या, ढोल यांत वॉकीटॉकी ऐकू येत नाही, आणि डोळे गर्दीवरच हवेत. आपली त्वचा सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपांच्या पट्ट्यात सगळ्यात तल्लख असते, आणि तेवढं करणारी मोटार स्वस्त घड्याळातही असते. २०१५ च्या सिंहस्थात कुंभथॉन या नवकल्पनांच्या उपक्रमातून पुढे आलेल्या नाशिकच्याच मुलांनी पावलं मोजणारी चटई वापरून माणसं मोजली होती. पायांनी दिलेला तो आकडा हातापर्यंत पोचवायचा, एवढंच काम राहिलंय.

पण आता तो मूळचा प्रश्न. दाब किती झाला की हात कडक व्हायचा?

माणसाच्या हाताला जोरातला फरक कळायला तो किमान सात ते दहा टक्के तरी लागतो, त्याहून बारीक बदल विरघळून जातो. समजा यंत्राने दाटी सरळ प्रमाणात हातावर उतरवली, चौरस मीटरला सहा माणसांना तीन न्यूटन. पाचाची सव्वापाच झाली तर हाताला पत्ताही लागणार नाही, आणि नेमका तिथेच तर धोका वाढत असतो. म्हणून सरळ प्रमाण चालत नाही. कुठेतरी पायरी ठेवावी लागते, जिथे मऊ एकदम कडक होतं. ती पायरी चारावर ठेवली तर हवालदार वारंवार रस्ता अडवणार, मिरवणुका खोळंबणार, आखाडे चिडणार, दुपारपर्यंत प्रशासनावर टीका सुरू. सहावर ठेवली तर सगळं छान वाहतंय असं हात सांगत राहील आणि कळेपर्यंत फार उशीर झालेला असेल. चार की पाच की सहा, हा तांत्रिक बारकावा नाही. किती गैरसोय सोसायची आणि किती धोका पत्करायचा, याचा तो निर्णय आहे, आणि लोकशाहीत तो कुणीतरी सही करून घ्यायचा असतो. यंत्रात तो निर्णय कुठे असतो? 'सेटिंग'मध्ये, कंपनीने आधीच भरून ठेवलेला. निविदेत त्याचा उल्लेखही नसतो. तिथे असतात मोज्यांची संख्या, वॉरंटी आणि ट्रेनिंगचे दिवस.

पडद्यावरच्या तक्त्यावर माणूस निदान शंका घेतो. रंग कुणी ठरवला, अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे विचारायची आता थोडीफार सवय लागली आहे. हाताला लागलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची सवय कुणालाच नाही. 'मी स्वतः हात लावून पाहिलंय' हा आपल्याकडे वाद मिटवणारा पुरावा असतो. म्हणूनच स्पर्शात घातलेली चूक किंवा लबाडी तक्त्यातल्यापेक्षा जास्त टिकते. पायऱ्या जाहीर कराव्यात असा आग्रह आहे तो यासाठी.

पुराच्या बाबतीत आपल्या गावाला हे शहाणपण जुनं आहे. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, ही बातमी सराफ बाजारातल्या दुकानदाराला काही सांगत नाही. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही सांगते. मारुतीची उंची कुणी बदलू शकत नाही आणि पुलावर उभं राहून कुणीही ती पडताळू शकतो, म्हणून त्या मापावर भांडण होत नाही. २००८ च्या पुरानंतर गोदावरीला निळी आणि लाल पूररेषा आली, एक पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि दुसरी शंभर वर्षांतून एकदाच्या. त्यावर आजतागायत भांडणं आहेत. काही खरी, काही बिल्डरांच्या सोयीची. पण बरीचशी अशीही आहेत, की ज्याच्या घरावरून रेषा गेली त्याला ती तिथून का गेली हे नकाशावरून कळतच नाही.

इथे महागड्या मोज्यांची गरज नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी वाळूचं एक टेबल केलं आहे. वर खोली मोजणारा कॅमेरा आणि प्रोजेक्टर. तुम्ही हाताने वाळू उकरा, ढीग करा, की त्यावर समोच्च रेषा आणि उंचीचे रंग तत्क्षणी बदलतात, आणि हात वर धरला की आभासी पाऊस पडून पाणी उतारावरून वाहू लागतं. संगणकप्रणाली मोफत आहे. आभासी पाणी आणि खरी वाळू. हाताला जे लागतं ते खोटं नाही, त्यामुळे कडक-मऊचा वादच उद्भवत नाही. अशा टेबलावर गोदावरीचं पात्र, सरस्वती नाला, भांडी बाजाराचा उतार घालावा. मग नागरिकाने आपल्या हाताने काठाशी भर टाकून पाहावी आणि पाणी कुणाच्या दारात जातं ते बघावं. पाटबंधारे खात्यातल्या जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, आता खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात पाण्याचे प्रश्न सोडवले जाताहेत, धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींतून पाणी खेळवून. आपल्याकडे दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, १९५९ पासूनची. त्या पिढीतल्या अभियंत्यांनी पाणी हात घालून पाहिलंय. नंतर सगळं संगणकावर गेलं, ते अचूक झालं, आणि सामान्य माणसाच्या हातून सुटलं.

एवढं झाल्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो दमदार आहे. डोळा हा मेंदूकडे जाणारा सगळ्यात रुंद रस्ता आहे. हाताची वाट अरुंद. मग चांगले आलेख काढायला शिकवा ना, मोज्यांवर पैसे कशाला? याचं अर्धं उत्तर वर आलं: दाब, जोर, उतार अशा मोजक्या राशींपुरता आणि डोळे भरलेल्या जागांपुरताच हात वापरा. शस्त्रक्रियेच्या रोबोचंच पाहा. दा विंची यंत्राने वर्षानुवर्षं सर्जनला उत्तम चित्र दिलं, पण ऊती किती ताणली जातेय ते हाताला कळत नव्हतं. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या पाचव्या आवृत्तीत तो जोर हाताला द्यावासा वाटला. नजर कितीही तयार असली तरी काही गोष्टी पाहून कळत नाहीत.

उरलेलं अर्धं उत्तर असं, की सगळ्यांना डोळे नाहीत. शहराचा सगळा डेटा आपण डॅशबोर्डवर, रंगीत नकाशांवर नेतो आहोत, आणि ते करताना अंध नागरिकाला बाहेर ठेवतो आहोत. अकरावीत विज्ञान घेऊ पाहणाऱ्या अंध मुलीला आलेख, नकाशा, रेणूची रचना हे सगळं आजही बहुधा कुणीतरी तोंडी सांगतं. आयआयटी दिल्लीत उठावाच्या आकृत्यांवर चांगलं काम झालं आहे, पण उठावाची आकृती एकदा छापली की बदलत नाही. बदलता आलेख बोटाखाली देणं हे या तंत्राचं सर्वांत सरळ आणि सर्वांत न्याय्य काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याचा हक्कही दिलेला आहे. ही दया म्हणून करायची गोष्ट नव्हे. स्पर्शाने वाचण्यात आयुष्य घातलेली माणसं गावात असताना पोलिसांच्या मनगटपट्टीची किंवा सरावाच्या खोलीची परीक्षा कुणा सल्लागार कंपनीच्या तरुणाने का घ्यायची? बोटाखालचे दोन कंप वेगळे लागतात का, उताराचा फरक समजतो का, किती वेळाने हात बधिर होतो, हे ब्रेल वाचणारा माणूस एका बैठकीत सांगेल. त्याला त्या कामाचे पैसे द्यावेत, इतर कुठल्याही तज्ज्ञाला देतात तसे.

मग निविदेत काय असावं? कुठला आकडा, किती झाला की, हाताला काय जाणवणार, याचा एक पानी तक्ता मराठीत, अधिकाऱ्याच्या सहीने, महापालिकेच्या फलकावर. तीच माणसं, तेच प्रसंग, एकदा नुसत्या पडद्यावर आणि एकदा स्पर्शासह, अशी तुलना पैसे देण्याआधी. दुप्पट सुधारणा दिसली तर उत्तम, थोडी दिसली तरी चालेल, काहीच दिसली नाही तर यंत्र परत. आणि पायरी बदलायची किल्ली कंपनीकडे नाही, कंट्रोल रूमच्या प्रमुखाकडे, बदलाची नोंद राहील अशी.

२०२७ च्या पर्वण्यांपर्यंत चष्मे-मोज्यांची खोली धड उभी राहील असं मला वाटत नाही, आणि घाईत उभी करू नये. अर्धवट तपासलेला स्पर्श नसलेल्या स्पर्शापेक्षा वाईट. मनगटावरचा कंप होण्यासारखा आहे, आधी एखाद्या छोट्या जत्रेत वापरून पाहिला तर. वाळूचं टेबल तर एका पावसाळ्यात होईल. पहिलं टेबल सराफ बाजारात ठेवावं, भर दुकानांच्या वेळेत. पूररेषेवर हरकत घेणारे तिथे आपण होऊन येतील.